प्रश्न क्रमांक चौदा

शनिवारी सकाळी नऊला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
मी टेबलं लांब लांब मांडते,
कुणी कुणाचं बघून लिहू नये म्हणून.
कुत्री बाहेर गाड्यांत, काचा दोन बोटं उघड्या.
परीक्षा माणसांची असते.

पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर फोल्कर्ट्स,
टोक काढलेल्या तीन पेन्सिली घेऊन.
शेवटच्या रांगेत ओट्टमार येन्श, वय एकोणऐंशी,
चष्मा घरी विसरलेला,
किंवा विसरला असं सांगणारा.
बायको गेली आणि तिची कुत्री याच्या नावावर झाली,
मागोमाग नगरपालिकेचं पत्र: नवीन मालकांस सूचना.
"नवीन!" तो मला म्हणाला,
"अकरा वर्षं ती माझ्याच पायांवर झोपतेय."

खिडकीशी गेझीने, टपालवाली. निरीक्षक म्हणून येते, मानधन घेत नाही.
तिच्या पोटरीला अकरा टाके पडले होते.
त्या कुत्र्यावर तिचा राग नाही.
"त्याच्या मालकाला," ती म्हणते,
"दार आधी उघडायचं की पट्टा आधी धरायचा,
एवढंसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं.
परीक्षा अजून कठीण करा."
बेकरीत मात्र माझ्या पाठीमागे बोलतात,
वीब्के बाई कागद विकते,
आमच्या आजोबांनी कुठली परीक्षा दिली होती?

डॉक्टरांना तीसपैकी तीस.
ओट्टमारला सोळा. लागतात चोवीस.

मग स्टेशनरोड, प्रात्यक्षिक.
डॉक्टरांचा पॉइंटर गुडघ्याला शिवल्यासारखा चालला,
कोपऱ्यावर न सांगता बसला,
ढकलगाडीतल्या बाळाकडे ढुंकून पाहिलं नाही त्याने.
वारा सुटला, डॉक्टरांनी टोपी सावरायला हात वर केला,
आणि त्याचं पोट फरशीला टेकलं.
क्षणभरच.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

फ्लोकेचा पट्टा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा सैल.
ती डावीकडे की उजवीकडे, तिचं तिलाच ठाऊक.
सायकलची घंटी वाजली,
ओट्टमार नुसता खाकरला,
आणि ती त्याच्या पायामागे येऊन उभी राहिली,
एक पंजा त्याच्या बुटावर.
यालाही रकाना नाही.

रात्री स्वयंपाकघरात पेपर तपासते.
चौदावा प्रश्न मीच घातलेला:
कुत्रा खात असताना लहान मूल जवळ गेलं, तर चूक कोणाची?
चार पर्याय.
उत्तर माझ्या डाव्या भुवईत आहे,
तिथे केस उगवत नाहीत.

सहा वर्षांची होते मी. हॅरास साखळीला असायचा, गोठ्याच्या दाराशी.
उगाच चावला, सगळे म्हणाले,
असली जात भरवशाची नसते.
संध्याकाळी वडील त्याला घेऊन कोठाराच्या मागे गेले.
एकच आवाज आला, मग बराच वेळ कोंबड्या.
मी त्याचं ताट ओढलं होतं,
काय होतं ते बघायला.
हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही,
नवऱ्यालासुद्धा नाही.

ओट्टमारने चारही चौकटी कोऱ्या सोडल्यात.
बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय:
*आधी मुलाला विचारा, त्याला कुणी काही सांगितलं होतं का.*

चूक.
म्हणजे उत्तरपत्रिकेप्रमाणे चूक. मी लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

गुरुवारी त्याची फेरपरीक्षा ठेवलीय.
प्रश्न मी मोठ्याने वाचून दाखवणार,
नियमावलीत मनाई नाही, दोनदा चाळून पाहिली.
आणि डॉक्टरांचा परवाना तयार आहे,
शिक्का मारलाय, सही राहिलीय.
तीसपैकी तीस. न करायला कारण काय लिहू,
वारा सुटला होता?